प्रत धरणारी

लेक लॅपटॉप उघडून बसली आणि तिने पहिलाच प्रश्न असा विचारला की मला हसू आलं.

"आई, तुझं बलस्थान काय?"

"म्हणजे गं?"

"म्हणजे तू कशात चांगली आहेस. बायोडेटात अगदी वर, तीन ओळींत लिहावं लागतं. वाचणारा त्याच्या खाली जाईलच असं नाही."

"मी गप्प बसण्यात चांगली आहे."

"ते लिहिता येत नाही," ती म्हणाली आणि तिने भलतंच काहीतरी टाइप केलं.

खरं तर तेच लिहायला हवं होतं. ब्रेल छापखान्यात मी नऊ वर्षं काढली, ती गप्प बसूनच. अंधांसाठीची पुस्तकं तिथे छापतात. छापण्याआधी प्रत्येक पान तपासावं लागतं आणि ते दोघांचं काम असतं. एक अंध वाचक उठलेल्या टिंबांवरून बोट फिरवत मोठ्याने वाचतो. समोर एक डोळस माणूस मूळ छापील पुस्तक घेऊन बसतो आणि शब्द न् शब्द ताडून बघतो. या दुसऱ्या माणसाला आमच्याकडे 'प्रत धरणारी' म्हणत. 'धरणारी' अशासाठी, की तिथे मीच होते.

वाचक म्हणजे मास्तर. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. सकाळी आले की आधी चहाचा पेला दोन्ही हातांत धरून बसायचे. प्यायची घाई नाही, बोटं गरम करायची असायची. मग पान पुढ्यात ओढून वाचायला लागायचे. उजवं बोट ओळ संपवत असताना डावं बोट पुढची ओळ शोधून तयार. पहिल्या आठवड्यात मी चूक दिसली की "थांबा" म्हणायची. शेजारच्या खोलीत यंत्राचा खडखडाट, आणि माझा आवाज हा असा बारीक. मास्तर म्हणाले, "बाई, तुमचं 'थांबा' माझ्यापर्यंत येईतो मी पुढच्या पानावर गेलेला असतो. तुम्ही आपलं पेन्सिलीने टेबलावर वाजवा. एकदा वाजवलंत तर मी परत वाचीन. दोनदा वाजवलंत तर चूक."

त्यानंतर नऊ वर्षं आमचं कामाचं बोलणं एवढंच. भूगोल, बीजगणित, कादंबऱ्या, शिवणकामाची पुस्तकं, एकदा तर टेलिफोनची अख्खी डिरेक्टरी. सगळं मी त्यांच्या आवाजात ऐकलं. मग यांना, माझ्या यजमानांना, अर्धांगवायू झाला आणि मी घरी बसले. अकरा वर्षं. हे जाऊन आता सव्वा वर्ष होतंय. ज्या कोपऱ्यात खाट होती तिथली फरशी इतर फरशांपेक्षा जरा उजळ आहे. मी अजून त्या कोपऱ्याला वळसा घालून जाते.

दुपारी मी पोथी वाचते, मोठ्याने, कारण घरात कुणीतरी बोलतंय असं वाटतं. एखादा शब्द चुकला की माझं बोट आपोआप पोथीखालच्या फळीवर दोनदा वाजतं. हे लेकीनं पाहिलं असावं. कारण जाहिरात तिनेच शोधून आणली. 'ब्रेल मुद्रणालयात प्रत-तपासणीसाठी सहायक पाहिजे.' तीच इमारत, तोच पत्ता.

"अर्ज करायचा का?" तिने विचारलं होतं.

मी भाजी निवडत होते. हो म्हणायला मला निवडून झालेली पानं परत एकदा निवडावी लागली.

लेक एका मोठ्या कंपनीत माणसं निवडायच्या खात्यात आहे. दिवसाला शेकड्यांनी अर्ज बघते. त्यामुळे या विषयात घरात तिचा शब्द शेवटचा.

"अनुभव सांग. काय काय करायचीस?"

"प्रत धरायची."

"असं नाही. 'ब्रेल तपासणी विभागाचं स्वतंत्र नेतृत्व केलं.' "

"अगं, विभागात दोघंच होतो. आणि नेतृत्व असलंच तर मास्तरांचं."

"मग सहनेतृत्व. आई, सगळे असंच लिहितात. जो लिहीत नाही त्याने काहीच केलं नाही असं समजतात." तिने खाली बोट नेलं. "आता हा खड्डा. अकरा वर्षं. हा दिसला की अर्ज बाजूला पडतो. मी स्वतः बाजूला टाकते."

"यांची सेवा करत होते, असं लिही."

"असं लिहीत नसतात." तिने दोन शब्द टाइप केले. "स्वतंत्र सल्लागार. बस. आजकाल घरी असलेला प्रत्येक माणूस सल्लागार असतो."

"मी कुणाला सल्ला दिला?"

"बाबांना. रोज. गोळी घ्या, चार पावलं चाला, रागावू नका."

"त्यांनी एकही ऐकला नाही."

"सल्लागारांचं कोण ऐकतं?" ती म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो. हसताना तिचे डोळे भरले, म्हणून मी विषय तिथेच सोडला. तो सोडायला नको होता. मनात म्हटलं, सकाळी शांतपणे सांगू की हे दोन शब्द काढ.

पण सकाळी आठपर्यंत माझं मौन असतं. लग्नाच्याही आधीपासूनचं आहे ते. लेक पावणेआठला बस पकडते. पर्स खांद्याला, एका हातात चप्पल, अशी ती देवापुढे येऊन उभी राहिली. "आई, अर्ज आज नऊला बंद होतोय. मी पाठवते हं."

माझ्या हातात माळ होती. मी डोळे उघडले आणि उजवा हात वर केला. थांब, असं म्हणायचं होतं मला. तिने वाकून नमस्कार केला आणि निघून गेली.

आठ वाजून एक मिनिटाने मी फोन लावला.

"पाठवलंसुद्धा," लेक म्हणाली. मागे बसचा आवाज येत होता. "तूच तर हात वर करून आशीर्वाद दिलास."

"तो 'थांब' होता."

"आई, तुझे 'थांब' आणि 'सुखी राहा' सारखेच दिसतात."

"परत मागवता येईल का?"

"नाही येत. आणि कशाला? कुणी शहानिशा करत नाही. जागा हवीय ना तुला?"

जागा हवी होती. किती हवी होती ते तिला सांगितलं असतं तर तिने बहुधा नेतृत्वाच्या जोडीला आणखी काहीतरी लिहिलं असतं. मला ते टेबल हवं होतं, ज्याच्या कडेला माझ्या पेन्सिलीने लहानसा खळगा पाडला होता. जाड कागदाचा तो पुठ्ठ्यासारखा वास हवा होता. आणि समोरून येणारा आवाज, जो मला काही विचारत नाही, काही मागत नाही, नुसता वाचतो, आणि मी तो धरून ठेवते. यांच्या आजारपणात मी कधी रडले असेन तर त्या आवाजासाठी. हे यांना कधी कळू दिलं नाही. देवाला सांगितलं.

आता माझा दुसरा एक नेम आहे. संध्याकाळी दिवा लावण्याआधी दिवस आठवायचा. कुणापाशी खोटं बोलले असेन, तर त्या माणसाकडे जाऊन ते मागे घ्यायचं, मगच काडी ओढायची. या नेमापायी मी एकदा शेजारणीच्या दारात उभी राहून सांगितलं आहे की तुमचा पडदा मला मुळीच आवडला नव्हता. आज तर माझ्या नावाने छापील खोटं गेलं होतं.

छापखान्यात पत्र लिहायचं ठरवलं. नवीन व्यवस्थापक कोण, मला माहीत नव्हतं. मास्तर तिथे असतील असं धरून चालले. त्यांना पत्र लिहायचं म्हणजे ब्रेलमध्येच. छापखान्यात आम्ही साध्या चिठ्ठ्याही तशाच लिहायचो. मास्तरांच्या हातात शाईची चिठ्ठी देणं म्हणजे त्यांना सांगणं की आधी कुणाला तरी शोधा, मग माझं ऐका. कपाटाच्या वरच्या कप्प्यात माझी ब्रेलची पाटी सापडली. दोन पट्ट्या, मध्ये कागद अडकवायचा, आणि लाकडी मुठीच्या टोचणीने एकेक टिंब टोचायचं. ब्रेलच्या पानावर मावतं तरी किती? लेक म्हणते, अर्जासोबतचं पत्र एका पानाच्या वर जाऊ नये. माझं अर्ध्यातच आटोपलं.

'मास्तर, नमस्कार. आज माझ्या नावाने अर्ज आला असेल. त्यात नेतृत्व केलं असं आहे. केलं नाही. तुमच्यासमोर प्रत धरून बसत होते. अकरा वर्षं सल्लागार नव्हते. यजमान अंथरुणाला होते, आता नाहीत. मला गळालेला शब्द कळतो. तासन्‌तास बसवतं, कंटाळा येत नाही. भूगोलातून एक अख्खा समुद्र गळाला होता, तो मी धरला होता. जागा द्यायची तर एवढ्यावर द्या. यायची फार इच्छा आहे.'

शेवटचं वाक्य दोनदा टोचायला घेतलं आणि दोनदा थांबले. मग टोचलं. खोटं तर नव्हतं. पान पाटीतून काढून खिडकीपाशी नेलं, तिरक्या उजेडात डोळ्यांनी वाचलं. मी ब्रेल डोळ्यांनीच वाचते, माझ्या बोटांना ते कधी जमलं नाही. सगळं बरोबर होतं.

पाच वाजता छापखान्याच्या फाटकाशी पोचले. रखवालदार नवा होता. कार्यालय बंद झालं म्हणाला, आणि माझ्या हातातलं पान उजेडात धरून त्याने विचारलं, "यात काही लिहिलंय का?"

"लिहिलंय. मास्तरांना द्या."

"उद्या देतो."

आत यंत्र चालू होतं. मी भिंतीपाशी जरा उभी राहिले. आवाज पूर्वीपेक्षा बारीक झाला होता. नवं यंत्र असेल.

घरी येऊन दिव्यापुढे बसले. पत्र पोचलं, पण अजून वाचलं गेलेलं नाही, मग खोटं मागे घेतलं असं म्हणायचं का? लेक दारात उभी होती. तिला सगळं सांगितलं.

तिने खांद्यावरची पर्स खाली ठेवली. मग म्हणाली, "म्हणजे मी तुझ्यासाठी बसून तयार केलं, ते तू स्वतःच्या हाताने पुसून आलीस."

"हो गं."

"आता नाही बोलावणार ते."

"नाही बोलावणार कदाचित."

"लाव दिवा," ती म्हणाली. "अंधारात काय बसलीस."

एक दिवस गेला, चार गेले, आठ गेले. फोनची रेंज जाते म्हणून मी फोन खिडकीत ठेवायला लागले. लेकीने एकदाही 'मी म्हटलं नव्हतं का' असं म्हटलं नाही. तेच मला जास्त लागत होतं. नवव्या दिवशी सकाळी अकराला फोन वाजला. छापखान्याच्या व्यवस्थापिका बोलत होत्या.

"तुम्ही आमच्याकडे एक कागद टोचून पाठवला होता का?"

"पत्र होतं ते."

"आमच्या वाचकबाई म्हणाल्या, यात नुसते खड्डे आहेत. मी टाकूनच देत होते. मास्तर म्हणाले, बोलवा."

फोन ठेवला आणि मला एकदम उमगलं. पाटीवर टोचताना टिंबं कागदाच्या पलीकडे उठतात. म्हणून उजवीकडून डावीकडे, प्रत्येक अक्षर उलटं लिहायचं असतं, म्हणजे पान पालटलं की सुलटं होतं. माझ्या हाताने सवयीने डावीकडून सुरुवात केली होती. आणि मी डोळ्यांनी वाचणारी. टोचलेल्या बाजूनेच बघून खूश झाले. बोटाला तिथे खड्डेच लागणार. पालटलं तर सगळं आरशातलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी हीच चूक सतत करायची. म्हणजे आठ दिवस मी संध्याकाळी दिवा लावला, आणि खोटं जिथल्या तिथे होतं.

दुसऱ्या दिवशी गेले. तीच खोली. भिंतीचा रंग बदललेला, पुस्तकं मात्र तशीच उभी रचलेली. आडवी रचली तर टिंबं दबतात. टेबलही तेच. मी बसता बसता कडेवरून हात फिरवला. खळगा होता.

मास्तर वाचकाच्या खुर्चीत नव्हते. खिडकीपाशी एका स्टुलावर बसले होते, केस पार पांढरे. वाचकाच्या खुर्चीत एक तिशीची बाई होती, वेणी पुढे घेतलेली.

"या बाई," मास्तर म्हणाले. "पत्र आरशाला लिहिलं होतंत, आम्हाला कसं कळणार?"

"चुकलं."

"हिने ते पालटून, उजवीकडून एकेक अक्षर उलटं लावत वाचलं. अर्धा तास लागला. खड्डे म्हटल्यावरच मी ओळखलं होतं कुणाचं ते. पण मजकूर ऐकायचा होता."

"तुम्ही नाही वाचलंत?"

त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर पालथे ठेवले. "साखरेने बोटं नेली. दोन वर्षं झाली. चहाचा पेला गरम आहे की गार, तेही ओठांना लावल्यावर कळतं. आता मी इथे आठवड्यातून दोनदा येतो, हिला शिकवायला. या महिन्यानंतर तेही संपेल."

माझ्या मनातल्या खोलीत गेली अकरा वर्षं ते वाचतच होते.

व्यवस्थापिका समोर येऊन बसल्या. चाळिशीच्या, चष्मा डोक्यावर. त्यांच्या हातात माझा बायोडेटा होता, लेकीने केलेला, निळ्या शीर्षकांचा.

"मला सरळ विचारू द्या," त्या म्हणाल्या. "सत्तर अर्ज आलेत. सत्तरच्या सत्तर जणांनी कशाचं ना कशाचं नेतृत्व केलंय, प्रत धरायला कुणी उरलेलंच नाही. तुमचा अर्ज एक सांगतो, तुमचं पत्र दुसरं. शिवाय अकरा वर्षांचं अंतर आहे. यातलं खरं काय धरू मी?"

"पत्र," मी म्हटलं.

"काय म्हणालात?"

मास्तर हसले. "त्यांचा आवाज तेवढाच आहे. तुम्ही अर्ज मोठ्याने वाचा. मलाही ऐकू दे."

त्यांनी चष्मा खाली घेतला आणि वाचायला लागल्या. नाव, पत्ता, शिक्षण. मी खाली बघत होते. पेन्सिल कधी हातात आली ते कळलं नाही, टेबलावरच पडलेली होती. "ब्रेल तपासणी विभागाचं स्वतंत्र नेतृत्व केलं," त्यांनी वाचलं.

टकटक.

त्या थांबल्या. माझ्याकडे बघितलं, मग मास्तरांकडे.

"वाचा पुढे," मास्तर म्हणाले.

"नऊ वर्षांत दोनशेहून अधिक ग्रंथांची तपासणी."

टकटक. "एकशे ब्याऐंशी," मी म्हटलं.

"पुढील अकरा वर्षं स्वतंत्र सल्लागार."

टकटक.

"संवादकौशल्य उत्कृष्ट."

मी पेन्सिल उचलली, तेवढ्यात वेणीवाली वाचकबाई फसकन हसली. मग व्यवस्थापिकाही हसल्या. कागद खाली ठेवून त्यांनी विचारलं, "हा अर्ज लिहिला कुणी?"

"लेकीने. माझ्या काळजीने लिहिला. तिला बोल लावू नका. काल रात्रीपर्यंत माझ्याशी रुसली होती, आज सकाळी मला बसपर्यंत सोडायला आली."

त्या थोडा वेळ पेनाचं टोपण उघडमीट करत राहिल्या. मग म्हणाल्या, "तीन महिने बघू. जमलं तर पुढे. आणि सुरुवात आत्ताच करा, एक पान होऊ दे."

वाचकबाईंनी पान पुढ्यात ओढलं. माझ्यापुढे मूळ प्रत आली. भूगोलाचंच पुस्तक होतं, नवी आवृत्ती. मी पान उघडलं, बोट पहिल्या शब्दाखाली ठेवलं, आणि त्या वाचायला लागल्या.

चांगलं वाचत होत्या. मास्तरांपेक्षा भरभर, स्वच्छ. आवाज कोवळा होता, आणि वाक्याच्या शेवटी जरा वर जायचा. मी शब्दामागून शब्द धरत गेले. परिच्छेद संपला. मास्तर इथे थांबायचे. पेला उचलायचे, एक घोट घ्यायचे, पेला ठेवल्याचा आवाज यायचा, मग पुढे. त्या थांबल्या नाहीत. सरळ पुढच्या परिच्छेदात गेल्या. माझं बोट मात्र मागे थांबलं होतं.

पेन्सिल एकदा वाजली.

त्यांनी ओळ परत वाचली. मग बोट तिथेच ठेवून मला विचारलं, "ताई, काय चुकलं?"

दिवा लावायला अजून बराच वेळ होता, पण उगाच कशाला साठवायचं. "काही नाही चुकलं," मी म्हटलं. "तुम्ही बरोबर वाचलंत. मीच मागे राहिले."

"तिथे मी चहा प्यायचो," मास्तर खिडकीकडे तोंड करून म्हणाले.

शेजारी यंत्र चालू होतं.

"मग मीही तिथे थांबत जाऊ का?" वाचकबाईंनी विचारलं.

"नको," मी म्हटलं. "तुम्ही तुमच्या जागी थांबा. मला सवय होईल."

त्यांनी डावं बोट पुढच्या ओळीवर नेलं. मी प्रत जरा जवळ ओढली.